तिसऱ्या श्रेणीतला वतनदार

इंग्लिश फुटबॉलच्या तिसऱ्या श्रेणीत, म्हणजे लीग वनमध्ये, दर हंगामात 24 संघ असतात. त्यांतल्या पाच-सहा संघांचे पाठीराखे तिथे मुळी राहायला आलेलेच नसतात. ते तात्पुरते उतरलेले असतात, मग तो मुक्काम दहा वर्षं का लांबेना. या मंडळींपैकी कुणीही एक घ्या. क्लबचा इतिहास त्याला तोंडपाठ असतो. सध्याचा लेफ्ट बॅक कोण, हे मात्र आठवावं लागतं. गुणतक्ता दाखवला तर ‘अजून नीट बसायचाय तो’ म्हणतो, आणि हे मार्चमध्येसुद्धा म्हणतो. पण विजेतेपदाची सालं विचारून बघा. शेफिल्ड वेन्सडेचा असेल तर 1903, 1904, 1929 आणि 1930. संडरलँडचा असेल तर एकूण सहा, शेवटचं 1936 चं. ते शेवटचं डोळ्यांनी पाहिलेला माणूस सापडणं कठीण, पण वतनाला साक्षीदार कुठे लागतो, वारस असला की झालं. हा क्लबचा चाहता नाहीच, वतनदार आहे. गढी ढासळली, जमिनी कुळांकडे गेल्या, तरी लग्नात पहिला विडा आपल्यालाच यायला हवा, असं त्याला मनापासून वाटतं. वरची श्रेणी त्याच्या मते मिळवायची नसते, परत मिळायची असते.

त्याचा पहिला पुरावा असतो गर्दी, आणि तो पुरावा खोटा नाही. 26 डिसेंबर 2018 ला संडरलँड विरुद्ध ब्रॅडफर्ड हा तिसऱ्या श्रेणीतला सामना पाहायला 46,039 माणसं आली होती. त्याच श्रेणीत तेव्हा अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ली हा संघही खेळत होता. त्या गावाची लोकसंख्याच सुमारे 35 हजार. म्हणजे तान्ह्या मुलांसकट अख्खं अ‍ॅक्रिंग्टन संडरलँडच्या मैदानात नेऊन बसवलं तरी बऱ्याच खुर्च्या रिकाम्या राहतील. एवढं सगळं खरं असलं, तरी खुर्च्या गोल मारत नाहीत. त्या हंगामात संडरलँड 46 सामन्यांत फक्त पाच हरलं, पण 19 बरोबरीत सुटले. क्लब पाचव्या स्थानावर राहिला आणि प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात, खेळ संपता संपता झालेल्या गोलमुळे चार्ल्टनकडून हरला. या 19 बरोबऱ्यांकडे वतनदार कसा पाहतो, यातच त्याचा सगळा स्वभाव आला. प्रत्येक बरोबरीनंतर तो म्हणतो, ‘आज दोन गुण सांडले.’ सांडायला ते आधी आपल्या भांड्यात असावे लागतात, ही शंका त्याला शिवत नाही. समोरच्यांनी एक गुण कमावला, हे वाक्य तर त्याच्या तोंडून निघणारच नाही.

समोरच्यांविषयी त्याचं एक ठरलेलं मत आहे: आपल्याशी खेळताना प्रत्येक संघ अंतिम सामना असल्यासारखा खेळतो, एरवी इतकं बरं कुणी खेळत नाही. यात थोडं तथ्य असेलही. भरलेलं मैदान पाहून कुणाच्याही अंगात येतं. पण मग आपल्या अंगात का येत नाही, हा प्रश्न उरतोच. 2008 च्या नोव्हेंबरात लीड्स युनायटेड, तीनदा इंग्लंडचा विजेता, एफए कपमध्ये केंब्रिजजवळच्या हिस्टन नावाच्या खेड्यातल्या संघाकडून 1-0 असा हरला. गोल मारणारा बचावपटू पोस्टमनची नोकरी करत होता. नॉटिंगहॅम फॉरेस्टची कथा आणखी करुण. 1979 आणि 1980 अशी लागोपाठ दोन वर्षं युरोपियन कप जिंकलेला हा क्लब 2007 मध्ये तिसऱ्या श्रेणीच्या प्ले-ऑफमध्ये येओव्हिलच्या मैदानावर 2-0 असा जिंकून घरी आला आणि घरी 5-2 असा हरला. येओव्हिलच्या खेळाडूंनी युरोपियन कपाचा आदर राखायला हवा होता, असं लेखी तक्रारीत म्हणता येत नाही. एवढीच काय ती अडचण.

आता त्याच्या बाजूने एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. मोठ्या गर्दीचा पैसा मोठा, पैशाने खेळाडू चांगले मिळतात, तेव्हा वर जाण्याची अपेक्षा धरली तर त्यात माज कसला? हिशेब बरोबर आहे. लीड्स तीन हंगामांत वर गेलं, फॉरेस्टही तीन, संडरलँड चार. पण चूक अपेक्षेत नाही, ती पुढच्या पायरीवर होते. ‘बहुधा होईल’ याचं तो ‘व्हायलाच हवं’ करतो, आणि हवामानाच्या अंदाजाला सातबारा समजतो. 2022-23 चा हंगाम बघा. तिसऱ्या श्रेणीत इंग्लंडचे चार माजी विजेते एकाच वेळी होते: वेन्सडे, डर्बी, पोर्ट्समथ आणि इप्सविच. शिवाय जुन्या एफए कपवाल्या बोल्टन, चार्ल्टन आणि बार्न्सलीचे मानपान वेगळेच. वर जायच्या जागा तीन, त्यांतली तिसरी प्ले-ऑफ जिंकणाऱ्याची. सगळ्यांचा हक्क मान्य केला असता तर त्या वर्षी गुणतक्ता नव्हे, फेरफाराचं रजिस्टर लागलं असतं. आणि पहिला आला कोण, तर 101 गुण मिळवून प्लिमथ अर्गाइल, ज्याने सर्वोच्च श्रेणीचं तोंडही कधी पाहिलेलं नाही. वेन्सडेवाल्यांचं गाऱ्हाणं त्या वर्षी रास्त होतं, हे कबूल केलं पाहिजे: 96 गुण मिळवूनही तिसरा नंबर. प्ले-ऑफमध्ये पीटरबरोकडून आधी 4-0 असा मार खाऊन, मग घरी तो भरून काढून, पेनल्ट्यांवर जिंकून, अंतिम सामन्याच्या अगदी शेवटच्या क्षणी ते वर गेले. ते वर गेले याचं कारण मात्र 1903 नव्हतं.

सगळेच असे नसतात, हेही खरं. मँचेस्टर सिटी 1998-99 मध्ये याच श्रेणीत होतं आणि यॉर्कसारख्या संघाकडूनही हरलं होतं. त्यांच्या पाठीराख्यांनी स्वतःचीच टर उडवणारी गाणी म्हणत तो काळ काढला. पण या अपवादाला फार उचलून धरण्यात अर्थ नाही, कारण माजाशिवाय तिसऱ्या श्रेणीत चाळीस हजार माणसं थंडीत जमवून दाखवा. जो खरोखर वास्तवाला धरून असतो, तो डिसेंबरात घरी बसतो. ‘आपली जागा ही नव्हे’ या हट्टावरच सीझन तिकिटं विकली जातात, त्याच पैशातून खेळाडू येतात, आणि तोच हट्ट विसाव्या मिनिटाला हुर्यो करून त्या खेळाडूंचे पाय लटपटवतो. क्लबचं इंधन आणि क्लबचा ब्रेक, दोन्ही तोच.

अखेर एके दिवशी क्लब दोन पायऱ्या चढून प्रीमियर लीगमध्ये पोचतो. 2025 मध्ये संडरलँड पोचलं तसा. आणि आपला वतनदार रातोरात गरीब शेतकरी होतो. सतरावा नंबर आला तरी पुरे, म्हणतो. बरोबरी झाली की ‘एक गुण कमावला’ असं पहिल्यांदाच त्याच्या तोंडून ऐकू येतं. आणि मँचेस्टर-लिव्हरपूलच्या लोकांची मिजास पाहून त्याचा संताप अनावर होतो: सगळं आपल्या बापजाद्यांचंच आहे असं वाटतं की काय यांना?