फुकट पाडकाम

आदिलाबादेत छंद विचारला तर लोक क्रिकेट सांगतात, भजन सांगतात, फार तर राजकारण. 'फारोतला जुना इंटरफेस काढतो' असं मी म्हणालो, तेव्हा मुलीच्या वडिलांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे बांधता की पाडता?"

"पाडतो."

"पगार?"

"नाही."

"फुकट पाडता!" आईनं घाईघाईनं चिवडा पुढे केला.

फारो म्हणजे स्मॉलटॉक भाषेच्या घराण्यातलं मुक्त प्रोग्रामिंगचं घर. 2008 मध्ये ते स्क्वीकपासून वेगळं निघालं, ते मुख्यतः झाडलोट करायलाच. स्क्वीकचा जन्म 1996 चा, ॲपलमधला. पण आतलं बरंचसं सामान त्याहून जुनं. झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत 1970 च्या दशकात रुजलेली एमव्हीसी ही इंटरफेस बांधायची रीत आणि सेल्फ भाषेकडून आलेला मॉर्फिक हा दुसरा इंटरफेस. शिवाय नंतर आलेलं, मुलांसाठीचं ईटॉयज. हेच ईटॉयज पोटात घेऊन शाळकरी मुलांसाठीचे एक्सओ लॅपटॉप 2007 मध्ये कर्जतजवळच्या खैराटच्या शाळेत आले होते. फारोवाल्यांनी ईटॉयज उपटून टाकलं. सुतक पाळायचं कारण नाही, स्क्वीकमध्ये ते सुखरूप आहे.

एका घरात दोन-दोन इंटरफेस कसे नांदतात, हे ज्याला कळत नसेल त्यानं आमच्या जुन्या जिल्ह्यातल्या केरामेरीकडच्या सीमेवरच्या गावांत जावं. तेलंगणा म्हणतं आमची, महाराष्ट्र म्हणतो आमची. माणसांकडे दोन मतदार ओळखपत्रं, दोन रेशन कार्डं. शाळासुद्धा दोन्ही सरकारांच्या. जमिनीच्या पट्ट्यांसाठी लोक कळवळून बोलतात. दुसरं रेशन कार्ड नको झालंय, असं मात्र मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. काढा आता यातलं जुनं!

कोडमध्येही तीच गत. एखादी मेथड, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा, काढण्याआधी तिला कोण कोण हाक मारतं, याची यादी फारो देतो. यादी रिकामी दिसली म्हणून हुरळायचं नसतं. स्मॉलटॉकमध्ये मेथडचं नाव ऐनवेळी अक्षरं जोडून तयार करता येतं आणि त्या नावानं हाकही मारता येते. असले सोयरे यादीत सापडत नाहीत, ते थेट मांडवात उगवतात. त्यातून फारोचा इंटरफेस फारोतच लिहिलेला. मेनूचा कोड ज्या खिडकीत बसून उडवायचा, ती खिडकीही त्याच कोडच्या जिवावर उभी. चुकीची वीट निघाली की खिडकीच्या जागी लालभडक चौकोन, त्यावर पिवळी फुली. चूक शोधायला डीबगर उघडावा, तर त्यालाही रंगवायला तोच इंटरफेस लागतो.

म्हणून शहाणी माणसं एकदम पाडत नाहीत. मेथडवर आधी 'कालबाह्य' असा शिक्का मारतात. ती चालत राहते, फक्त हाक मारणाऱ्याला बजावते. फारोत तर अशी सोय आहे, की ही जुनी मेथड हाक मारणाऱ्याच्या कोडमध्ये शिरून आपल्या जागी नवीचं नाव स्वतः लिहून देते. एवढ्या सालसपणे खुर्ची सोडणारं कुणी मी आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत पाहिलेलं नाही.

"काय करून राहिला रे एवढ्या रात्री?" बाबा मागे येऊन उभे राहिले. उभा जन्म जिनिंगमध्ये मुनीमकी केलेला माणूस. मी अभिमानानं पडदा दाखवला: वाढवलेल्या ओळी हिरव्या, मोजक्याच, काढलेल्या लाल, पानंच्या पानं.

त्यांनी चष्मा सारखा करून लाल आकडा दोनदा वाचला.

"एवढा तोटा?" ते हळूच म्हणाले. "आईला सांगू नको."