आमच्या भोंग्याचा लिलाव कधी?

नांदगाव तालुक्यातला शेतकरी कांदा लावतो, मका लावतो, पाऊस पडलाच तर बाजरीही काढतो. पण ज्ञान त्याला केळीचं. करपा पडला तर काय फवारायचं, घड कधी झाकायचा, रावेरकडे भाव काय चाललाय, सगळं तोंडपाठ. कारण दिवसा इथं त्यातल्या त्यात धड ऐकू येतं ते आकाशवाणीचं जळगाव केंद्र, ९६३ किलोहर्ट्‌झ. जळगावला केळीशिवाय करमत नाही, यात त्यांची काही चूक नाही. नाशिक केंद्र एफएमवर, १०१.४ ला आहे. आपल्याच जिल्ह्याचं म्हणून हक्क सांगावा, तर ते द्राक्षबागांत रमलेलं आणि वर शंभर किलोमीटर लांब. डोंगरापलीकडे छत्रपती संभाजीनगर, तिथं मोसंबी नि कपाशी. उत्तरेला धुळे. चार केंद्रांच्या मधोमध आमची गत चार सुनांच्या सासऱ्यासारखी: प्रत्येकीला वाटतं, म्हातारा दुसरीकडे जेवून आला असेल.

यात कुणाचा दुष्टावा नाही. एफएमची लहर नाकासमोर चालणारी. डोंगर आडवा आला की थबकते, मनोऱ्यापासून लांब गेलं की पृथ्वीच्या गोलाईखाली दडते. मध्यम लहरी जमिनीला धरून चालतात, म्हणून केळी इथवर पोचली. आणि लघुलहरी आकाशाला धडकून परत येतात, म्हणून आमच्या आजोबांना समुद्रापलीकडचं कोलंबो खणखणीत लागायचं आणि नातवाला नाशिक लागत नाही. प्रगती ती हीच.

तरी माणूस हार मानत नाही. बाजारपेठेतल्या एका सलूनमध्ये ट्रान्झिस्टर आहे. एरियल केव्हाच तुटलं. त्या खुंटाला तांब्याची तार, तारेचं दुसरं टोक छपराच्या पत्र्याला. गिऱ्हाईक खुर्चीत ताठ बसलं की नाशिक लागतं, त्यानं मान वळवली की जातं. वस्तरा गळ्याशी असताना इतर गावांत लोक जिवाच्या भीतीनं गप्प बसतात. आमच्याकडे कारागीरच हात जोडतो, ‘‘काका, हलू नका, एवढं कडवं संपू द्या.’’

गाणं लागणं न लागणं दरवेळी पत्र्यावर अवलंबून होतं असं नाही, कधी ते मंत्र्यावरही असायचं. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. गृहस्थ मराठी, अभिरुची शास्त्रीय. सिनेसंगीतानं देश बिघडतो, असं मनानं घेतलं आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं हद्दपार झाली. देश त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला ऐकायला जाऊन बसला. अमीन सायानींच्या आवाजासाठी लोक बुधवारची कामं उरकून ठेवू लागले. सरकारला पुन्हा शहाणपण सुचायला पाच वर्षं लागली. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली आणि सिनेमाची गाणी सन्मानानं घरी परतली. आपल्याकडे कार्यक्रमांचा बाज कसा बदलतो, याचा हा नमुना: श्रोता आधी बदलतो, मंत्रालय नंतर बदलतं आणि श्रेय मंत्रालय घेतं.

आता मंत्र्यांची जागा मालकांनी घेतली आहे. मे २०१९ मध्ये रेडिओ सिटीच्या कंपनीनं बिग एफएम घ्यायचं जाहीर केलं, सौदा १,०५० कोटींचा. तो फिसकटला. पुढे बिग एफएमची कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२४ मध्ये सफायर मीडियाला ती २६१ कोटींत मिळाली. मुंबईच्या वाचकाला ही उद्योगपानावरची बातमी वाटेल, कांदा पिकवणाऱ्याला मात्र ती घरची वाटते. सकाळी ट्रॅक्टर भरताना एक भाव, लिलावाच्या ओट्यावर भलताच. फरक एवढाच की भाव पडला म्हणून एफएम वाहिनी महामार्गावर ओतता येत नाही.

मालक बदलला की घोषवाक्य बदलतं, निवेदकाची हसण्याची पट्टी बदलते. पुण्यात तर नुसती कुजबुज झाली तरी आभाळ कोसळतं. जून २०२३ मध्ये आकाशवाणीचा पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग संभाजीनगरला हलवायचं ठरलं. एवढी ओरड झाली की निर्णयाला लगेच स्थगिती. आवाज जाणार म्हटल्यावर पुण्याला ओरडता आलं. आमचा आवाज कधी आलाच नाही, त्यामुळे तो गेल्याची तक्रार कोणत्या खिडकीवर करायची, हे अजून ठरायचं आहे. आमच्या खरखरीला मालक नाही, घोषवाक्य नाही, आणि तिचा बाज आजवर कुणी बदललेला नाही.

नाही म्हणायला दिल्लीनं मधे आशा दाखवली. २८ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं २३४ नव्या शहरांत ७३० एफएम वाहिन्यांचा लिलाव मंजूर केला, एकूण राखीव किंमत ७८४ कोटी ८७ लाख. आम्ही यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. मालेगाव आहे, नांदगाव नाही. धोरणच मुळात लाखावर वस्तीच्या शहरांसाठी. २०११ च्या जनगणनेत आम्ही पंचवीस हजारांच्या आसपास. जंक्शनचा तोरा मिरवणारं मनमाडसुद्धा ऐंशी हजारांतच अडकलेलं. म्हणजे एका वाहिनीसाठी नांदगावकरांना पाऊण लाख माणसं नव्यानं जन्माला घालावी लागतील, आणि ती होईपर्यंत कुटुंब नियोजनाच्या जाहिराती ऐकाव्या लागतील. त्या मात्र जळगावहून स्पष्ट येतात. २०१६ च्या फेरीत २६६ वाहिन्या मांडल्या होत्या, खपल्या ६६. उरलेल्या दोनशेंतली एखादी इकडे धाडावी, असं कुणाच्या मनात आलं नाही. रेडिओच्या बाजारात न खपलेला मालसुद्धा आमच्या वाट्याला येत नाही.

पण आमचं अडत नाही, कारण आमची वाहिनी तीन चाकांवर आहे. रिक्षा, टपावर भोंगा, पेनड्राइव्हमध्ये निवेदक. घरपट्टीची थकबाकी, साड्यांचा सेल, कुणाचं दहावं, कुणाची हरवलेली म्हैस, सगळं एका दमात. प्रक्षेपणक्षेत्र म्हणाल तर जिथं रिक्षा शिरत नाही, तिथं भोंगा गल्लीकडे वळवतात. निवडणूक आली की बाज आपोआप बदलतो. सकाळी ज्या पक्षाचं गाणं, दुपारी त्याच्या विरोधकाचं, रिक्षा तीच. श्रोता बटण बंद करू शकत नाही, हे भाग्य मुंबईच्या कोणत्याही वाहिनीला लाभलेलं नाही.

हे गुपित दिल्लीला कळलं तर मात्र पंचाईत. भोंग्याची राखीव किंमत ठरेल आणि रिक्षाला खासगी एफएमचे नियम लागतील. स्वतःच्या बातम्या द्यायच्या नाहीत. आकाशवाणीच्या लावायच्या, त्याही जशाच्या तशा. पाणी, वीज, साथरोग यांची माहिती बातमीत धरत नाहीत, पण ती स्थानिक प्रशासनानं दिलेली हवी. तेव्हा ‘उद्या सकाळी सहाला नळाला पाणी येईल’ हे भोंग्याला गावभर सांगता येईल. सहाला पाणी आलं नाही, एवढं मात्र सांगायचं नाही. ती बातमी झाली.