सुटकेचं दरपत्रक

उपद्रवमूल्य आजवर फक्त राजकारणात, तेही तिकीटवाटपाच्या वेळी, मोजलं जायचं. ऑनलाइन व्हिडिओवाल्यांनी आता त्याचं रीतसर दरपत्रकच लावलं आहे. अ‍ॅमेझॉन प्राइमची वर्गणी वर्षाला 1499 रुपये. जून 2025 मध्ये प्राइम व्हिडिओवर जाहिराती अवतरल्या. त्या नको असतील, तर वर्षाला आणखी 699 मोजा. आधी सिनेमा दिसावा म्हणून पैसे, मग तो सलग दिसावा म्हणून पैसे. याला कुणी खंडणी म्हणू नये. खंडणीची पावती मिळत नाही, याची ई-मेलवर येते.

2023 मध्ये जिओसिनेमानं आयपीएल फुकट दाखवलं. जिओसिनेमामागच्या कंपनीनं पाच हंगामांच्या डिजिटल हक्कांसाठी 23,758 कोटी मोजले होते, पण फुकट ते पौष्टिक मानणाऱ्यांनी तिकडे पाहिलं नाही. मग 2025 मध्ये जिओहॉटस्टार आलं आणि मोबाइलवर तीन महिन्यांचे किमान 149 रुपये पडू लागले. सगळ्यात महागडी योजना मात्र जाहिरातमुक्त आहे. फक्त थेट प्रक्षेपण वगळून. म्हणजे क्रिकेट सोडून बाकी सगळं निर्विघ्न पाहा.

पासवर्ड वाटून घेण्यातच खरं प्रेम, असं नेटफ्लिक्सनं 2017 मध्ये ट्विट केलं होतं. जुलै 2023 मध्ये भारतातल्या प्रेमाला त्यांनी कुंपण घातलं: एक खातं, एकच घर. रेशनकार्डाला निदान एक चूल पुरायची, इथे वाय-फायही एकच लागतं. पुण्यातल्या सुनेच्या पासवर्डावर साताऱ्यात मालिका पाहणाऱ्या सासूबाईंना टीव्हीनं एका संध्याकाळी कळवलं की तुम्ही या घरातल्या नाही. लग्नानंतर सुनेला ऐकवलेलं वाक्य इतक्या वर्षांनी असं परत आलं.

यूट्यूबचा खाक्या जरा संगीतप्रेमी. गवई तान घेऊन समेवर येणार, मांडीवर थाप द्यायला हात उचललेला, तेवढ्यात गुडघेदुखीचं तेल! त्या जाहिरातीच्या उत्पन्नातले 55 टक्के चॅनेलवाल्याचे, 45 यूट्यूबचे, गुडघा तेवढा आपला. सम सलामत हवी असेल, तर प्रीमियमचे महिन्याला 149 रुपये.

तरीही कमाईचं एक कुरण मोकळंच राहिलंय. आपली स्पर्धा झोपेशी आहे, असं नेटफ्लिक्सचे रीड हेस्टिंग्ज 2017 मध्येच सांगून गेले. मग स्पर्धकालाच विकायला काढा की! एक भाग संपला की पाच सेकंदांत दुसरा सुरू होतोच. तो थांबवून दिवे मालवू देणारा 'निद्रा पॅक' बाजारात आणावा. पहिला महिना मोफत. पुढे खात्यातून पैसे आपोआप कापले जातील. वर्गणी रद्द करायची सोय अर्थातच असेल; फक्त त्यासाठी ग्राहक जागा हवा.