धर्मादाय खाते

आमच्या घरातील लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, सातबाराचा उतारा, कन्येचा जन्मदाखला आणि मुदत संपलेली दोन विमापत्रे यांच्या सान्निध्यात, माझ्या सुवाच्य हस्ताक्षरातील एक दानपत्र गेली नऊ वर्षे सुरक्षित आहे. लेखनापासून मला जे काही द्रव्य प्राप्त होईल त्याचा निम्मा हिस्सा वाचनालयास, चौथाई व्यसनमुक्तीच्या कार्यास आणि उरलेली चौथाई आषाढीच्या वाटेवरील अन्नदानास देण्यात यावी, असा त्याचा मजकूर असून, उणीव म्हणावी तर एवढीच की, ज्या द्रव्याची ही वाटणी व्हावयाची ते अद्याप यावयाचे होते. “अहो, दान तर लिहून झालं,” हा दस्तऐवज वाचून आमच्या कुटुंबाने पृच्छा केली, “आता निदान शाईचे पैसे तरी सुटतील का?”

यात दोष माझा नाही, थोरांचा आहे. पुण्यास १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रास पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी लाखाची देणगी दिली, विंदा करंदीकरांनी तर पुरस्कारांच्या रकमा हातात पडताच सार्वजनिक कामांना देऊन टाकल्या, हे वृत्तान्त कोवळ्या वयात वाचनात आल्यामुळे दातृत्व हे साहित्यिकाचे व्यवच्छेदक लक्षण होय अशी माझी समजूत झाली. साहित्य मागाहून लिहिता येईल, तूर्त लक्षण अंगी बाणवून घ्यावे, असे मी ठरविले. क्रमात कोठे तरी गफलत झाली हे आता ध्यानात येते.

आमच्या मुलखाची परंपरा पाहू जाता ती मात्र दुहेरी आहे. शेजारच्या बारामतीस कविवर्य मोरोपंत बाबूजी नाइकांच्या आश्रयास राहिले, आणि १७९४ मध्ये देह ठेवीपर्यंत कऱ्हेकाठी बसून त्यांनी एकशेआठ रामायणे रचली असे सांगतात. यांपैकी एकाही रामायणापोटी पंतांनी कोणास देणगी दिल्याचे निदान माझ्या ऐकिवात नाही, कारण कवीने द्यावयाचे नसून कवीस द्यावयाचे असते, असा त्या काळचा सरळ दंडक होता. (हा दंडक मला मनापासून मान्य आहे, पण बाबूजी नाईक कोठून आणावेत?)

दुसरे उदाहरण दरवर्षी आपण होऊन आमच्या गावी मुक्कामास येते. देहूच्या तुकोबांनी घरातील कर्जखतांचे दोन वाटे केले, एक बंधू कान्होबाच्या स्वाधीन केला आणि आपला वाटा इंद्रायणीत बुडविला, ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु ती पुन्हा वाचताना एके दिवशी मला असे दिसले की, तुकोबांनी त्या प्रसंगी गाठीचे काही दिले नव्हते, येणे सोडले होते. येणे! त्या एका बाबतीत मी सधन आहे. एका नियतकालिकाकडे दोन लेखांचे मानधन सहा वर्षांपासून थकलेले, दुसऱ्याकडे एका कथेचे, ते बंद पडले त्याच्याही आधीपासूनचे, आणि तिसऱ्याने तर ‘मानधन यथावकाश’ असे स्वदस्तुरचे कार्डच पाठविलेले. ही तिन्ही खते जलार्पण करून दात्यांच्या पंगतीस बसावे असा बेत मी केला. त्यासाठी देहूस जाण्याचेही कारण नव्हते. इंद्रायणी तुळापुरास भीमेला मिळते आणि भीमा उजनीच्या जलाशयात आमच्या तालुक्याच्या शिवेला टेकते, तेव्हा तुकोबांची कर्जखतेही तत्त्वतः आमच्याच हद्दीत दाखल झाली असणार. परंतु याच पाण्यात गेलेले पळसदेवचे मंदिर उन्हाळ्यात पाणी ओसरले की डोके वर काढते, हे आठवून मी थबकलो. माझे येणे असे वैशाखात वर आले, तर वसुलीचा मोह मला आवरणार नाही.

तुकोबांची पालखी निमगाव केतकीहून आमच्या इंदापुरास यावी, गोल रिंगण व्हावे, जागा मिळेल तेथे दिंड्या उतराव्यात, त्या दिवशी आमच्या गावात कोणी रिकाम्या हाताने बसत नाही: चर्मकार चपलांचे तुटलेले अंगठे शिवून देतात, नाभिक दाढ्या करतात, ज्यांना दुसरे काही येत नाही ते सुजलेले पाय चोळतात, आणि यांपैकी कोणीही आधी दानपत्र करून ठेवीत नाही. दोन वर्षांपूर्वी मीही दारात मेज मांडून ‘येथे पत्रे व अर्ज मोफत लिहून मिळतील’ अशी पाटी लावली. पहिल्या दोन तासांत तिघांनी मोबाइल चार्ज करण्याविषयी विचारले, आणि एका दिंडीच्या स्वयंपाक्याने मेजाचा अर्धा भाग काही न विचारता कांदे चिरावयास घेतला.

तेवढ्यात एक आजी बोचके घेऊन आली.

“लिवणारा तूच का? ह्याच्यावर नाव घाल.”

सामान ट्रकातून पुढे जाते, उतरविताना सगळी बोचकी सारखीच दिसतात. कन्येच्या दप्तरातील मार्कर घेऊन मी नाव वळणदारपणे रेखू लागलो, तोच ती म्हणाली, “निस्तं नाव नगं लेकरा, गाव घाल, दिंडीचा नंबर घाल. आन् अक्षार मोठं काढ. मला वाचाया येत न्हाई, पर दुसऱ्याला दिसलं पायजे.” संपादकांकडून मला आजवर पुष्कळ सूचना आल्या, इतकी नेमकी एकही नव्हती.

मग रांग लागली. बोचकी, वळकट्या, पत्र्याच्या पेट्या, पाण्याचे कॅन, पखवाजाची एक खोळ. मार्कर संपला, दुसरा आणला. माझे समग्र वाङ्मय दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रकात चढून सराटीच्या मुक्कामाकडे रवाना झाले.

जाताना आजीने पाच रुपयांचे नाणे पुढे केले. मी हात जोडले. “लिवणाऱ्याचं फुकट घिऊ नये,” असे म्हणून तिने ते चिरलेल्या कांद्यांवर ठेवले नि ती चालू लागली.

लेखनापासूनची माझी ही पहिली रोकड प्राप्ती असल्याने दानपत्राची अंमलबजावणी करणे भाग होते. अन्नदानाच्या सव्वा रुपयात काय येईल, असे मी स्वयंपाक्यास विचारले. त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिले व “एक कांदा” असे उत्तर दिले. व्यसनमुक्तीचा सव्वा रुपया पाठवावा कसा, याविषयी घरात मतभेद असल्यामुळे तो कपाटात दानपत्रावरच ठेवला आहे. राहिले वाचनालयाचे अडीच. तेथील लिपिकाने दहाच्या खाली पावती फाडत नाही असे सांगितले, तेव्हा साडेसात रुपये पदरचे घालून मी पावती घेतली, आणि दात्याचे नाव लिहिण्यासाठी तो पेन उचलू लागला असता ते पुस्तक माझ्याकडे ओढून रकान्यात आजीचे नाव घातले, गाव घातले, दिंडीचा नंबर घातला. अक्षर मोठे काढले.