कुकरशास्त्री

कुकरशास्त्री प्रत्येक मित्रमंडळात एक असतो. दोन असल्यास मंडळ फुटते. वय साठीच्या आसपास, शिक्षण बहुधा मेकॅनिकल इंजिनिअरिंगचे, नोकरी भोसरी नाहीतर अंबडच्या एखाद्या कारखान्यात झालेली. खिशाला पेन असते, कागद कधीच नसतो. त्यामुळे आकृत्या चहाच्या बिलावर, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आणि दुसऱ्याच्या गाडीवरच्या धुळीत काढल्या जातात. सकाळी टेकडी उतरल्यावर जमणारा कट्टा हे त्याचे मुख्य कार्यक्षेत्र. विषय कोणताही चालतो. रुळांखाली खडी का टाकतात, पंख्याची पाती तीनच का, इथपासून सुरुवात होते आणि गाडी कुकरवर येऊन थांबते.

काही वेळा त्याला निमित्त तरी असते. महाबळेश्वरच्या हॉटेलात डाळ कच्ची निघाल्याची तक्रार कुणी केली, तर कुकर येणारच. समुद्रसपाटीपासून दर 300 मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. सुमारे 1,350 मीटरवरच्या महाबळेश्वरात पाणी 95-96 अंशांनाच उकळते, आणि उकळत्या पाण्याला कितीही जाळ लावला तरी ते त्याहून तापत नाही. इथवर कुणाची हरकत नसते. पण लेकीकडे अमेरिकेला जाऊन आलेला मित्र विमानातला चहा बेचव होता एवढेच म्हणतो आणि अडकतो. विमानाच्या आतली हवा दोन-अडीच हजार मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ ठेवतात, म्हणजे विमान हा घट्ट झाकणाचा, आत माणसे बसवलेला कुकर, हे त्याला सामान घरी पोचण्याआधी ऐकावे लागते.

पुण्याची गाडी कर्जतला थांबली की मागून ढकलणारी इंजिने जोडतात, कारण बोरघाटात 37 फुटांना एक फूट असा चढ आहे. एवढे सांगायला दीड मिनिट पुरावे. शास्त्रीबुवा तिथून वाफेच्या इंजिनावर जातात. जेम्स वॉटने किटलीचे झाकण हलताना पाहून इंजिन शोधले, असे कुणी बोलून गेला की त्यांना खरे दुःख होते. न्यूकमेनचे इंजिन 1712 पासून खाणीतले पाणी उपसत होते; वॉटने त्याची वाफ वेगळ्या भांड्यात थंड करायची सोय काढली, पेटंट 1769 चे. आणि न्यूकमेनच्याही आधी, 1679 साली, देनी पापँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने लंडनमध्ये हाडे मऊ शिजवणारे बंद भांडे दाखवले होते. ते भांडे म्हणजे काय, हे विचारायची आता कट्ट्यावर पद्धत नाही. डब्यातले सगळे वडे संपवून खिडकीबाहेर बघत राहतात.

तारापूरचेही तसेच. तिथल्या 1969 पासूनच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांत पाणी भट्टीतच उकळते, वातावरणाच्या जवळपास 70 पट दाबाखाली. हा तर शास्त्रीबुवांच्या हातात आयता दिलेला कुकर.

लोणारच्या सहलीत मात्र मंडळींनी पैजा लावल्या होत्या. बसाल्टमधले उल्काविवर, सुमारे 1.8 किलोमीटर व्यास, खारट पाणी. इथे कुकर यायला वावच नव्हता. शास्त्रीबुवा तासभर बोलले. आघाताने काच झालेले खनिज सापडले, 1973 साली संशोधकांनी उल्केचा निर्वाळा दिला, सगळे झाले. पैजेचे पैसे गोळा होऊ लागले तेवढ्यात ते म्हणाले, ‘‘त्याआधी लोकांना काय वाटायचं माहितीये? ज्वालामुखीचा स्फोट. म्हणजे बघ, खाली वाफ कोंडलीय, वरचा व्हॉल्व्ह बंद...’’ पैसे परत करण्यात आले.

प्रत्यक्ष कुकरवर त्यांची पकड वादातीत आहे. शिट्टीखालचे छिद्र 3 मिलिमीटर व्यासाचे धरले, तर क्षेत्रफळ येते 0.07 चौरस सेंटिमीटर. त्यावर 70 ग्रॅमचे वजन ठेवले की आतला दाब बाहेरच्यापेक्षा चौरस सेंटिमीटरला एक किलोने वाढल्याशिवाय वाफ ते उचलू शकत नाही, आणि त्या दाबाला पाणी 120 अंशांना उकळते. पुढची प्रत्येक शिट्टी म्हणजे वाया गेलेला गॅस. हे सांगताना तर्जनी आणि अंगठ्यामध्ये नसलेली शिट्टी धरलेली असते. वहिनी पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करतात. लग्नाआधीपासून, आईने शिकवले म्हणून. शास्त्रीबुवांना याचा पत्ता निवृत्तीनंतर लागला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तो स्वतःचा प्रयोग म्हणून कट्ट्यावर सांगितला.

एवढे असूनही ते गावाला गेले की कट्टा पेन्शन आणि गुडघ्यांवर येतो. कपातला चहा ढवळल्यावर तळाची भुकटी कडेला न जाता मधोमध का जमते, या प्रश्नावर एकदा आठवडा गेला. फोनमध्ये बघायला शास्त्रीबुवांची बंदी होती. तळाशी घर्षणाने पाणी मंदावते, म्हणून तिथला प्रवाह मध्याकडे वळतो आणि भुकटी ओढून नेतो. आइन्स्टाइनने 1926 साली हेच सांगून नद्यांच्या वळणांचा उलगडा केला होता. उत्तर शेवटी बँकेतून निवृत्त झालेल्या मित्राने काढले, आइन्स्टाइनचे नावही न घेता. त्या दिवशी सगळ्यांच्या चहाचे पैसे शास्त्रीबुवांनी दिले आणि कुकरचा उल्लेख केला नाही.

कुकरच का, याचे कारण त्यांच्या घरात शोधावे लागते. एके काळी तिथे व्हॉल्व्हचा रेडिओ मागून उघडत असे, स्कूटरचा कार्ब्युरेटर रविवारी वर्तमानपत्रावर सुटा होई, आणि शेजारची पोरे भोवती उकिडवी बसत. आता फोन डिंकाने चिकटवलेला येतो, गाडीचे बॉनेट उचलले तर खाली आणखी एक प्लास्टिकचे झाकण असते, आणि बिघडलेल्या वस्तूला दुकानदार ‘बोर्ड गेला’ एवढेच सांगतो. छिद्र, वजन, रबरी रिंग, सेफ्टी व्हॉल्व्ह, सगळे ओट्यावर मांडून दाखवता येईल असे एकच यंत्र घरात उरले आहे. दाखवायला पोरे नाहीत, म्हणून मित्र.

यंदा लेकीने बटणांचा इलेक्ट्रिक कुकर पाठवला आहे. तो शिट्टी देत नाही, पडद्यावर मिनिटे दाखवतो. तळाचे स्क्रू तीन कोनांच्या खाचेचे आहेत, घरातला एकही स्क्रू ड्रायव्हर त्यांना लागत नाही. तसला स्क्रू ड्रायव्हर कट्ट्याने वर्गणी काढून मागवला आहे. वहिनींना अजून सांगितलेले नाही.