सात घोडे आणि एक मूस

सात पांढरे घोडे, मागे लाल सूर्य, टापांखाली उसळणारं पाणी. दुकान नवं असो की दवाखाना, पतसंस्था असो की शिकवणीचा वर्ग, भिंतीवर हे चित्र हवंच. जोडीला डोंगराच्या टोकावर हात पसरून उभा असलेला माणूस, अर्धा भरलेला पेला, खडक फोडून वर आलेलं रोप. सकारात्मक विचारांची म्हणून बाजारात जी चित्रं मिळतात ती एवढीच, आणि दिल्लीपासून बेंगळुरूपर्यंत सगळीकडे तीच. बेंगळुरूच्या जुन्या पेठांतही, चिकपेटेच्या आसपास, तसबिरींच्या दुकानांत ती मापाप्रमाणे ओळीने लावलेली असतात. या चित्रांशी माझं भांडण आहे.

पहिली तक्रार अशी की या चित्रांत कुणीही काम करत नाही. सूर्य आपोआप उगवतो, घोडे आपोआप धावतात, रोप आपोआप वर येतं. डोंगराच्या टोकावरचा माणूस पोचलेला दिसतो, चढताना दिसत नाही. दुसरी तक्रार त्याहून मोठी आहे. या चित्रांत दुसरं माणूस नाही. जो काही जिंकला तो एकटाच जिंकला. आपल्यापैकी कुणाच्या आयुष्यात असं घडलं आहे? ज्याचं शिक्षण आईच्या शिलाई मशीनवर झालं, ज्याचं दुकान मेव्हण्याच्या उसनवारीवर उभं राहिलं, त्यानं एकट्या माणसाचं चित्र भिंतीवर का लावावं?

नॉर्मन व्हिन्सेंट पील या अमेरिकी धर्मोपदेशकाचं ‘द पॉवर ऑफ पॉझिटिव्ह थिंकिंग’ हे पुस्तक 1952 साली आलं. मनात यशाचं चित्र पक्कं धरा, यश येईल, ही शिकवण तेव्हापासून जगभर पसरली. तिची कसून तपासणी केली ती गाब्रिएले ओटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी. थॉमस वॉडन यांच्यासह त्यांनी वजन कमी करू पाहणाऱ्या 25 स्त्रियांचा वर्षभर मागोवा घेतला आणि 1991 साली निष्कर्ष छापले. आपल्याला हे जमेल असा ज्यांचा भरवसा होता, त्यांचं वजन जास्त घटलं. पण आपण बारीक झालो आहोत, सगळे कौतुक करताहेत, अशा गोड कल्पनांत ज्या रमत होत्या, त्यांचं वजन तशा कल्पना न करणाऱ्यांपेक्षा सुमारे 11 किलोंनी कमी घटलं. भरवसा माणसाला उठवतो, दिवास्वप्न त्याला बसवून ठेवतं. सात घोड्यांची तसबीर या दोहोंपैकी काय करते, ते ज्यानं त्यानं तपासावं.

मग आशेचं चित्र काढायचं तरी कशाचं? उत्तर बेंगळुरूच्या त्याच गल्ल्यांत आहे. चिकपेट, नगरथपेट, ॲव्हेन्यू रोडच्या सराफी भागात जिने चढून वर गेलं की मराठी ऐकू येतं, आणि तेही माणदेशी वळणाचं. हे आपले गलाईवाले. सांगलीच्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ तालुक्यांतून, साताऱ्याच्या माण-खटावातून ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडली. शेतात पाणी नाही, पाऊस बेभरवशाचा, म्हणून हाताला हुन्नर लावून घेतला आणि देशभरातल्या सराफ बाजारांत भट्ट्या पेटवल्या. जुनं सोनं, मोडीतले डाग घ्यायचे, गाळायचे, टंच काढायचा आणि चोख सोनं परत द्यायचं, हा त्यांचा धंदा.

हे काम जवळून बघण्यासारखं आहे. मोडीतलं सोनं तसंच ॲसिडात टाकलं तर आतली भेसळ सुटत नाही. म्हणून आधी त्यात मुद्दाम चांदी किंवा तांबं मिसळतात, सोन्याचा वाटा चौथाईवर येईपर्यंत. अशुद्ध माल शुद्ध करण्यासाठी तो आधी आणखी अशुद्ध करावा लागतो. मग ते मिश्रण नायट्रिक ॲसिडात उकळायचं. चांदी आणि तांबं विरघळून जातं, तळाशी उरते कॉफीच्या चोथ्यासारखी तपकिरी भुकटी. नवखा माणूस ती मोरीत ओतून देईल. गलाईवाला ती धुतो, वाळवतो, मुशीत घालतो, वर टाकणखार टाकतो आणि भट्टीत लावतो. सांडशीनं मूस उचलून साच्यात ओतली की त्या भुकटीचं पिवळंधमक सोनं होतं. उरलेलं पाणीही फेकायचं नाही. त्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की विरघळलेली चांदी खाली बसते. सोनाराच्या दुकानातला केर, हात धुतलेलं पाणी, झिजलेली चटई, पॉलिशचं फडकं, यातलं काहीही वाया जात नाही. जाळायचं, राख धुवायची, गाळायची, आणि गेलेलं सोनं कणाकणानं परत मिळवायचं.

आता सांगा, सकारात्मक विचाराचं याहून नेमकं चित्र कुठे मिळेल? इथे माणूस हातानं काम करतो आहे. केरात सोनं आहे हे त्याला ठाऊक आहे, आणि ते आपोआप वर येणार नाही हेही ठाऊक आहे. समोरची भुकटी कुरूप आहे हे तो नाकारत नाही. पुढची पायरी कोणती ते त्याला माहीत आहे, म्हणून तो खचत नाही. आशा म्हणतात ती हीच. आशेला कौशल्य लागतं. ज्याला पुढची पायरी शिकवलेलीच नाही, त्याला नुसतं ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणणं ही त्याची क्रूर थट्टा आहे.

त्याच भट्टीचं दुसरं अंगही सांगितलं पाहिजे. ॲसिडात धातू विरघळताना तांबूस-पिवळा धूर निघतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड. फसवा वायू आहे. श्वासातून गेला तर कधीकधी त्या क्षणी फारसं काही वाटत नाही आणि काही तासांनी फुफ्फुसांत पाणी होतं. कोंदट खोलीत, पंख्याविना, मास्कविना वर्षानुवर्षं हा धूर घेणाऱ्या कारागिराला भिंतीवरचा सूर्य वाचवत नाही. धूर ओढून घेणारा पंखा वाचवतो. जिथे पंखा नाही आणि सुविचार आहे, तिथे मालकानं सुविचार उतरवून त्या पैशात पंखा बसवावा. याला कुणी नकारात्मक बोलणं म्हटलं तर खुशाल म्हणो.

या पेठांत ऑगस्ट 2025 मध्ये काय झालं ते आठवा. नगरथपेटेतल्या एका इमारतीला आग लागली आणि पाच जीव गेले, त्यात लहान मुलंही होती. खाली माल, वर कारखाना, त्यावर बिऱ्हाड, आणि अग्निशमन दलाची गाडी वळेल एवढीही रुंदी नसलेली गल्ली. अशा ठिकाणी ‘सगळं छान होईल’ म्हणणारा माणूस आशावादी नसतो. जिन्यात रचलेले गठ्ठे हलवा, दाराचं कुलूप काढा, वायरिंग बदला म्हणून शेजाऱ्यांशी वाद घालणारा माणूस आशावादी असतो. कारण उद्या इथे माणसं जिवंत असणार आहेत असं तोच धरून चालतो. तक्रार करणारा म्हणजे निराश, हे समीकरण आपण फार काळ चालवून घेतलं. ज्यानं आशा सोडली तो तक्रारही करत नाही.

आमच्या गलाईवाल्यांच्या मुलखानंच हे शिकवलं आहे. 1982 च्या गिरणी संपात मुंबईहून खानापूर तालुक्यात परतलेले कामगार हातावर हात ठेवून बसले नाहीत. मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली, तिच्यात डॉ. भारत पाटणकर होते. येरळा नदी आटली होती आणि ठेकेदार तिच्यातली वाळू उपसून नेत होते. तांदुळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी ठरवलं की आपल्या नदीची थोडी वाळू आपणच विकू आणि त्या पैशात धरण बांधू. सरकारशी झगडावं लागलं, श्रमदान करावं लागलं, आणि ऐंशीच्या दशकात सुरू झालेल्या त्या कामातून बळीराजा स्मृती धरण उभं राहिलं. पाणी सगळ्यांना सारखं, ज्यांना जमीन नाही त्यांनाही वाटा, हे तत्त्व तिथे ठरलं. पुढे 1993 पासून नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसं मोर्चे घेऊन निघाली. आज टेंभू योजनेतून कृष्णेचं पाणी उचलून त्या माळांवर नेलं जातं, त्यामागे या माणसांची वर्षानुवर्षांची कटकट आहे. कटकट हाच शब्द मी मुद्दाम वापरतो. तेव्हाच्या कचेऱ्यांत बसलेल्यांना ती कटकटच वाटत होती.

त्या बळीराजा धरणाचं चित्र कुणी छापलं आहे का? डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया, वाळूत उभी असलेली पोरं, मागे कोरडं पात्र. ते चित्र खानापूर तालुक्यातल्या किती शाळांच्या भिंतींवर आहे? तिथे पोरांच्या समोर परदेशातला बर्फाळ डोंगर टांगलेला असेल, तर तो उतरवायला हवा. पोरगं दिवसभर बघतं ते त्याला शक्य वाटू लागतं. आपल्या आजीनं धरण बांधलं हे त्याला दिसलं पाहिजे.

चिकपेटेचीही अशी चित्रं आहेत. 1537 साली केंपेगौडानं बेंगळुरू वसवलं, त्याची आख्यायिका इथे सगळ्यांना ठाऊक आहे. दोड्डपेट आणि चिकपेट जिथे मिळतात, तिथून चार दिशांना बैलांचे नांगर सोडले. जिथे बैल थांबले तिथवर रस्ते आखले, हलसूर, यलहंका, आनेकल आणि सोंडेकोप्पा या दिशांना वेशी झाल्या. शहर नांगरटीतून सुरू झालं असं मानणारी ही पेठ 1638 नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत आली. पुढे 1687 साली हे शहर तीन लाखांना म्हैसूरकरांना विकलं गेलं. मार्च 1791 मध्ये इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेनं पेठेवर हल्ला करून ती घेतली, मारलं, लुटलं. आणि 1800 साली फ्रान्सिस बुकानन हा ब्रिटिश पाहणीकार आला तेव्हा पांगलेली माणसं पुन्हा इथे वस्तीला येत होती, माग आणि व्यापार सुरू होता. लुटलेल्या गावात पहिल्यांदा माग मांडणारा विणकर हे आशेचं चित्र आहे. त्याचं नाव इतिहासात नाही, पण आजच्या साडीबाजाराचा तोच पूर्वज आहे.

पेठेत आजही सकाळी तेच चित्र दिसतं. शटर वर जातं, दुकानापुढं पाणी मारलं जातं, उदबत्ती लागते. भवानीची पहिली नोट दुकानदार डोळ्यांना लावतो आणि गल्ल्यात टाकतो. काल धंदा झाला नाही, ऑनलाइनवाल्यांनी भाव पाडले, मेट्रो असली तरी गिऱ्हाइकाला मॉल बरा वाटतो, हे सगळं त्याला ठाऊक आहे आणि तो ते बोलूनही दाखवतो. तरी साडीची घडी उलगडून गिऱ्हाइकापुढे पदर पसरतो, नको म्हटलं की तितक्याच निगुतीनं घडी घालतो आणि पुढची काढतो.

आपल्या सणानंही हेच सांगितलं. उगादी आणि गुढीपाडवा बहुतेक वेळा एकाच दिवशी येतात. त्या दिवशी पेठेतल्या कन्नड घरात बेवू-बेल्ल, म्हणजे कडुलिंब आणि गूळ, खातात, मराठी घरात कडुलिंबाची पानं गुळासोबत वाटून खातात. वर्षाच्या पहिल्या घासात कडू आहे, आणि ते वगळून नुसता गूळ खायची पद्धत दोन्ही घरांत नाही. आपल्या पूर्वजांची सकारात्मकता इतकी खरी होती. बाजारातल्या चित्रांनी त्यातला लिंब काढून टाकला आणि गूळ तेवढा चौकटीत बसवला.

म्हणून माझं मागणं साधं आहे. तुमच्या दुकानात, शाळेत, कचेरीत, दवाखान्यात आशेचं एखादं चित्र असेल तर त्याला तीन प्रश्न विचारा. यात कुणी काम करताना दिसतं का? एकाहून जास्त माणसं दिसतात का? अडचण खरी दिसते का? तिन्हींचं उत्तर नाही असेल तर ते उतरवा. त्या जागी तुमच्या गावच्या विहिरीच्या खोदाईचा जुना फोटो लावा, भट्टीपुढे बसलेल्या आजोबांचा लावा, बचतगटाच्या पहिल्या बैठकीचा लावा, आणि खाली माणसांची नावं आणि साल लिहा. तसा फोटो नसेल तर या आठवड्यात काढा. आणि हे सगळं करण्याआधी जिन्यातले गठ्ठे हलवा.