मकाई दरवाजातील मुक्काम

मौजे अंतरवाली सराटी, तालुका अंबड, जिल्हा जालना, येथील रस्त्यावर वाहन हाकणाऱ्यास जी विद्या अवगत असावी लागते, तिचा उल्लेख १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कोठेही आढळत नाही. समोरून येणारा ट्रॅक्टर कोणाचा, त्याच्या मागील दोन ट्रॉल्या उसाने भरलेल्या की रित्या, आणि तो चालविणारा गडी आपल्याच कर्ण्यावरील गाण्यात कितपत गुंग झाला आहे, एवढ्या बाबींचा निवाडा दुरूनच करता आला म्हणजे पुढील सर्व व्यवहार सुरळीत पार पडतो. कारण अंकुशनगरच्या कारखान्याचे धुराडे पेटल्यापासून हंगाम आटोपेपर्यंत रस्त्याची जहागिरी उसाच्या ट्रॉलीकडे असते, आणि जहागीरदारास वाट द्यावयाची असते, मागावयाची नसते. हॉर्न आमच्याकडे मुख्यत्वेकरून रामराम घालण्याच्या कामी येतो.

या परंपरेत वाढलेल्या मनुष्याने मोसंबीची पिकअप घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात जावे हे शास्त्रास धरून नव्हते. परंतु माल तयार होता, नेहमीचा ड्रायव्हर लग्नात होता, आणि आमचे दाजी, ज्यांनी आयुष्यात स्टिअरिंगला हात लावलेला नाही, ते केवळ मार्गदर्शनार्थ शेजारी बसण्यास राजी होते. पंजाबातील संगरूरहून निघून कर्नाटकातील अंकोल्यास समुद्रदर्शन करणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ वडीगोद्रीस भेटला, पाचोड आणि आडूळ सुखरूप मागे पडले, आणि दाजींनी वाटेत एक डुलकीही काढली. महामार्गाविषयी तक्रार करण्यासारखे काही घडले नाही, म्हणून त्याविषयी लिहिण्यासारखेही काही नाही.

खरे प्रकरण जालना रस्त्यावर उभे राहिले. तेथे हॉर्न हा रामराम नसून अर्ज आहे, आणि तो दाखल करून घेणारी कचेरी अस्तित्वात नसल्याने प्रत्येक अर्जदार तो पुनःपुन्हा, अधिकाधिक मोठ्या आवाजात सादर करीत असतो. सिग्नलचा हिरवा दिवा लागण्याच्या आधीच मागच्या मंडळींचा तगादा सुरू होतो; दिवा लाल झाल्यावरही चार-दोन दुचाक्या मुदत संपल्यानंतर सारा भरणाऱ्या खातेदाराप्रमाणे ओशाळे न होता निघून जातात; आणि हे सर्व न्याहाळणारा हवालदार झाडाच्या सावलीत उभा राहून मोबाइलमध्ये गाडीचे छायाचित्र काढून घेतो, ज्याची प्रत दंडाच्या रकमेसह यथावकाश मूळ मालकास पोहोचते. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ साली सरकारी मोटारसेवा सुरू केली ती २७ बसगाड्यांनिशी. अवघ्या हैदराबाद संस्थानाच्या वाट्याच्या त्या २७ गाड्या जेवढी जागा अडवीत असतील, तेवढी सिडको चौकात बोट वर करणाऱ्या एका उतारूसाठी शेअर रिक्षांनी अडविलेली मी पाहिली.

“डावीकून घ्या,” दाजी म्हणाले. डावीकडे रिक्षा होती. “मंग उजवीकून घ्या.” उजवीकडे महानगर होते.

जाधववाडीच्या बाजार समितीत माल उतरला. भाच्यासाठी राखलेले एक कॅरेट विद्यापीठाच्या वसतिगृहावर पोहोचवावयाचे होते, आणि विद्यापीठाकडे जाण्याचा मार्ग दाजींनी जुन्या शहरातून निवडला. जुने शहर आपणांस तोंडपाठ आहे असा त्यांचा दावा होता, त्यास एका आजारी चुलत्याच्या शुश्रूषेसाठी केलेल्या मुक्कामाचा आधार होता.

मलिक अंबराने १६१० साली खडकी, म्हणजे हेच जुने शहर, वसविली आणि १६१२ साली मोगलांवरील विजयाप्रीत्यर्थ भडकल दरवाजा बांधला. एवढा भव्य दरवाजा, ज्याच्या कमानीखालून हत्ती झुलत जावेत. परंतु त्यास वळसा घालून सारे शहर निघून जाते. याउलट खाम नदीच्या पुलास जोडलेला मकाई दरवाजा, जो घोडेस्वार, मेणे आणि फार तर तोफगाडा यांच्या हिशेबाने बांधलेला, त्यातून मात्र प्रत्येकास जावयाचेच असते. बांधणाऱ्याचा उद्देश आत शिरणाऱ्याला रोखण्याचा होता, हे ध्यानात घेतल्यास ही वास्तू आजही आपले कर्तव्य चोख बजावीत आहे असेच म्हटले पाहिजे.

आम्ही कमानीत शिरलो आणि समोरून मंडपाच्या खुर्च्यांनी शिगोशीग भरलेला छोटा हत्ती शिरला. नाकास नाक लागले. त्याच्यामागे दुचाक्या, आमच्यामागे रिक्षा, आणि दोहोंकडून अर्जांचा वर्षाव. मी मागे घेण्यासाठी आरशात पाहिले, तो आरसा संपूर्णपणे एका पिवळ्या टपाने व्यापलेला होता. शहरी रिवाजाप्रमाणे आता एकमेकांच्या वाडवडिलांचा उद्धार व्हावयाचा, परंतु दाजी खाली उतरले, धोतराचा सोगा सावरून त्या चालकाच्या खिडकीशी गेले आणि म्हणाले, “पावनं, गाव कोंचं?”

“गेवराईकडलं. तुमचं?”

“अंतरवाली.”

“म्हंजे सराटी का?”

“तीच.”

चालकाने इंजिन बंद केले. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी आमच्या शिवारात शंभराहून अधिक एकरांवर मराठा आरक्षणासाठी सभा भरली होती, महाराष्ट्रभरातून माणसे लोटली होती, आणि ज्या गावाने आजवर एकही सिग्नल पाहिला नाही त्याने त्या दिवशी मुंबईस लाजवील एवढी गर्दी अंगावर घेतली होती. त्या गर्दीत हा गृहस्थही होता.

“गाडी पार वडीगोद्रीच्या अलीकडंच लावली अन् पायी आलो राव,” तो म्हणाला. “काय ते टरॅफिक!”

“कुन्या अंगाला लावली व्हती?” दाजींनी विचारले.

“त्या मोसंबीच्या बागंजवळ.”

“ती आमचीच की!”

मागील रिक्षावाला तक्रार घेऊन आला तो एक मोसंबी घेऊन तेथेच उभा राहिला, कारण तोही त्या दिवशी तेथे होता आणि त्याची गाडी तर त्याहून अलीकडे अडकली होती. आणि मग ते तिघे, कमानीच्या थंडगार सावलीत, ती वाहने कशी लावावयास हवी होती म्हणजे रस्ता मोकळा राहिला असता, याचा सविस्तर ऊहापोह करू लागले.